पिवळा ठिपका

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहिलं असं समज आणि आधी मुद्द्याचं ऐक. नर्सबाईंची मोटारसायकल माझं काही ऐकत नाही.

तीच, मागे लशींची पेटी बांधून वरच्या वस्त्यांवर जाते ती. पळते तोवर राजा आहे. रेस सोडली, इंजिन हळू झालं, की दोन आचके देते आणि गप्प. सपाटीवर ठीक आहे, माणूस पुन्हा किक मारतो. पण मागच्या मंगळवारी उतरणीच्या वळणावर बाईंनी वेग कमी केला आणि गाडी तिथेच बंद पडली. पेटीच्या वजनाने कलंडली. पेटी सांभाळायच्या नादात बाईंनी स्वतःचा गुडघा फोडून घेतला. लंगडत, ढकलत गाडी आणली आणि मला म्हणाल्या, "बघतेस ना जरा?" बास, एवढंच. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

कार्बोरेटर तीनदा उतरवून धुतला. स्लो जेट काढून उजेडाकडे धरला. काय रे ते भोक! केस जाईल न जाईल. एवढ्याशा भोकातून अख्खी गाडी हळू श्वास घेते, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. भोक स्वच्छ आहे. प्लग नवा टाकला. एअर स्क्रू आत-बाहेर करून करून माझी मनगटं दुखली. गाडी थंड असताना दिली की हसत जाते, आणि दुसऱ्या दिवशी बाई ढकलत आणतात.

आता खरं सांगते. गॅरेज माझ्यावर सोडून तू तुझ्या लेकीकडे, ताईकडे राहायला गेलास त्याला तीन महिने झाले आणि लोक मला मोजायला लागलेत. दूधवाला काल म्हणाला, "मामा होता तेव्हा असं नव्हतं." पोस्टमनची गाडीही हल्ली आचके देते, तो तर माझ्या हाताला गुणच नाही म्हणतो. आई टपूनच आहे. कापडाच्या दुकानात तिने माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवलाय. मामा, ही एक गाडी महिनाभरात सुधारली नाही तर मी शटर ओढणार आणि मीटरने कापड फाडत बसणार. तिथे निदान कुणाचा गुडघा फुटत नाही.

फोन केला की म्हणतोस पत्र लिही. काय तो हट्ट!

तुझी,
दहा-अकरा


९ फेब्रुवारी

दहा-अकरा,

तू चार वर्षांची असताना दहा-अकराचा पाना मागितला की तोच बरोबर उचलून द्यायचीस, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा बघून उचलायचीस. आता न बघता उचलतेस.

रागावू नकोस. तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू गाडीला काय केलंस ते पानभर आहे. गाडीने काय केलं ते दोन ओळींत उरकलंस. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुझं. कार्बोरेटर धुऊन धुऊन त्याची कातडी सोलशील, पण तो बिचारा गुन्हेगार आहे हे तुला कुणी सांगितलं?

फोन मला म्हणूनच नको. फोनवर तू "ती गाडी ना मामा" म्हणणार, मी "जेट बघ" म्हणणार, दोघंही शहाणे. लिहायला बसलं की आधी बघावं लागतं.

तर स्टूल घे आणि गाडीशेजारी तासभर बस. पाना हातात घ्यायचा नाही. थंड असताना हळू किती वेळ चालते आणि तापल्यावर किती, ते घड्याळ लावून बघ. बंद पडायला लागली की चोक ओढ, सुधारते की लवकर मरते? टाकीचं झाकण उघडं ठेवून एकदा बघ. आणि महत्त्वाचं, पायाने किक हळूच दाब, मारू नको. पायाखाली काय लागतं ते थंड असताना लिही आणि तापल्यावर लिही. जे दिसलं ते लिहायचं. जे वाटलं ते आईला सांग.

कापडाच्या दुकानाचं नाव पुन्हा काढलंस तर कान उपटायला येईन.

अक्षर समजून घे. ताईने दिलेलं पेन रद्दी आहे.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

बसले. तास नाही, दोन तास. आई दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं मी रुसून बसलेय.

थंड असताना नऊ मिनिटं इंजिन इतकं सरळ चाललं की टाकीवर ठेवलेलं नाणंही हललं नाही. मग हेड तापलं तसं एक-एक ठोका चुकायला लागला. आधी विसात एक, मग दहात एक. मी मोजत होते. तेराव्या मिनिटाला मेली. चोक ओढला तर आणखी लवकर मेली. टाकीचं झाकण उघडलं तरी तेच.

आणि किक! मामा, इतकी वर्षं मी किक नुसती मारत आले, कधी दाबून बघितलीच नव्हती. थंड असताना पायाखाली कुणीतरी उभं राहून विरोध करत होतं. माझं सगळं वजन टाकलं तरी जागची हलेना. तापल्यावर तीच किक लोण्यात सुरी जावी तशी खाली. तेच इंजिन, तोच पाय, पंधरा मिनिटांचं अंतर! मी वेड्यासारखी तीनदा करून बघितली. आत काहीतरी घडतंय, ते दिसत नाही, पण ते माझ्या तळपायाला कळलं. मला एकदम रडायलाच आलं, कशामुळे ते विचारू नकोस. वाटलं ते आईला सांगायचंय ना.

आवाज म्हणशील तर गोड. कुठे टिकटिक नाही, खडखड नाही. ते तर असणारच, टॅपेट तू सेट केलेलं आहे. कव्हरच्या बोल्टवर तुझा पिवळा ठिपका अजून तस्साच आहे, म्हणून तेवढं मी उघडलं नाही. मामाने ठिपका लावला म्हणजे काम झालं, ते पुन्हा बघायचं नाही. गावात लहान पोर पण सांगेल.

दूधवाल्याची गाडीपण कालपासून तशीच करायला लागली. ठिपका तिच्यावरही आहे, म्हणजे तिथेही टॅपेट सोडून बाकी सगळं बघावं लागणार.

पेन बदल बाबा. 'चोक' लिहिलंयस तिथे कागद फाटलाय. पत्र उलटं धरलं तर मागून बोटाने वाचता येतं.

दहा-अकरा


२३ फेब्रुवारी

पोरी,

उत्तराला उशीर झाला. विचार करत होतो.

ठिपका खरवड आणि कव्हर उघड.

का, ते ऐक. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा. एक आत घेते, एक बाहेर टाकते. झडप पूर्ण मिटायची तर तिच्या डोक्यावर किंचित फट लागते, मापाची पातळ पाती सरकेल एवढीच; ती फट बरोबर ठेवणं म्हणजेच टॅपेट सेट करणं. ती फट नसेल तर तापल्यावर लोखंड वाढतं, झडपेला मिटायला जागा उरत नाही आणि इंजिनाचा दम सटकतो. जोरात पळताना दम सटकायला सवड मिळत नाही, म्हणून कळत नाही. हळू झालं की सगळा निसटतो. तुझ्या पायाखालचा तो माणूस असा पळून गेला.

आणि गोड आवाजाला भुलू नकोस. टिकटिकणारं टॅपेट तक्रार करतं, म्हणून जगतं. अगदी गप्प असलेलं टॅपेट आत जळत असतं.

गाडी रात्रभर थंड होऊ दे, सकाळी माप घे. माझ्या पातीच्या नादी लागू नकोस, तुझा नवा संच वापर. कुठली पाती आत जाते तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

गाडी झाली!

तू म्हणालास म्हणून आधी माप. आत घेणाऱ्या झडपेत जेमतेम बारीक पाती गेली, सायलेन्सरकडच्या झडपेत सगळ्यात बारीकही शिरली नाही. फट नव्हतीच. मी नव्या पातीने बरोबर फट ठेवली, किक मारली, आणि स्टूलवर बसून घड्याळ लावलं. तेरा मिनिटं झाली. वीस झाली. हेडवर पाणी टाकलं तर चर्र व्हायचं, पण ठोका एकही चुकला नाही. मग मी स्क्रू हळूहळू सोडत रेस आणखी कमी केली, आणखी कमी. इंजिन इतकं हळू चाललं की दोन ठोक्यांच्या मध्ये मला वाटायचं, गेलं आता. आणि पुढचा ठोका यायचा. प्रत्येक वेळी यायचा. नर्सबाई पायरीवर बसल्या होत्या. आम्ही दोघी देवळात बसावं तशा बसलो होतो.

तू शंभर कोसांवर बसलायस. गाडी बघितली नाहीस, ऐकली नाहीस. माझ्या दोन पत्रांवरून कव्हराच्या आत बघितलंस! माणसाला असं करता येतं?

चूक कशाची ते पण सापडलं. तुझी पाती झिजली रे. चाळीस वर्षं हजारो इंजिनांतून ओढलेली, ती पातळ होणारच. पाती पातळ म्हणून फट कमी राहिली. मी मापून बघितली, चांगली अर्धी झालीये. तुझ्यात काही दोष नाही. पातीला काय, म्हातारी झाली.

दूधवाल्याची आणि पोस्टमनची गाडी करून टाकीन मी गुपचूप, कुणाला काही सांगायची गरज नाही. तू निवांत राहा.

दहा-अकरा


६ मार्च

दहा-अकरा,

माझी पाती मी निघताना खिशात घालून आणली. आत्ता टेबलावर आहे, हे पत्र उडू नये म्हणून तिच्याखाली ठेवलंय. तुझ्याकडे आहे ती रिकामी डबी.

खोटं बोलायचं तर आधी डबी उघडून बघावी. मी तुला एवढंच शिकवत होतो ना?

पण तू का बोललीस ते कळलं, म्हणून रागवत नाही. तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. किक लोण्यासारखी, आवाज गोड, वर माझा ठिपका. आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण उत्तर माझ्यावर येत होतं.

पाती ठणठणीत आहे. बोटं गेलीत. दिवाळखोर झालीत म्हण. वर्षभर झालं, टोकांना काही लागत नाही. शर्टाचं बटण डोळ्यांनी लावतो. फट बरोबर असली की पाती किंचित अडकून सरकते, ते अडकणं बोटाला कळायला लागतं. मला ते कळेना, म्हणून मी कळेपर्यंत आवळत गेलो. माझ्या हिशेबाने बरोबर, झडपेच्या हिशेबाने गळा दाबलेला. तरी वाटायचं, चाळीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप करतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग एकदा नट इंजिनात पडला आणि तो माझ्या हातातून निसटलाय हेच मला कळलं नाही, तेव्हा घाबरलो. नातवंडं सांभाळायला जातो असं सगळ्यांना सांगून निघून आलो.

बाईंचा गुडघा मी फोडला. आणि चार महिने गाव तुझ्या हाताला नावं ठेवतंय, ते माझ्या हाताचं आहे. हे मला झोपू देत नाही.

सोबत एक कागद आहे. गॅरेजच्या भिंतीवर, वाचता येईल एवढ्या उंचीवर लाव. गुपचूप काही करायचं नाही. लावला नाहीस तर मी स्वतः येऊन शटरसमोर उभा राहून वाचून दाखवीन.

मामा

(सोबतचा कागद)

ज्यांच्या गाड्यांचं टॅपेट मागच्या उन्हाळ्यापासून मी सेट केलं, त्या सर्वांनी गाडी रात्रभर थंड करून सकाळी गॅरेजवर आणावी. माझ्या बोटांची जाण गेली होती आणि मी ते लपवलं. गाडी हळू झाल्यावर बंद पडते ती चूक माझी आहे, पोरीची नाही. तिने ती शोधली. माझ्या पिवळ्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये.


१४ मार्च

मामा,

मला खोटं बोलता येत नाही हे लहानपणापासून सिद्ध झालंय, तरी मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. माफ कर.

पण आता तूही ऐक. तू मला इंजिन पत्रातून बघायला शिकवलंस ना? मग मी तुला पण बघितलं. पेन रद्दी नव्हतं. पेन हातात आहे की नाही हे कळत नाही म्हणून तू दाबून लिहितोस, पाती आवळत गेलास तसंच. सगळ्यात बारीक पाती शिरेना, तेव्हा तुझा फाटलेला 'चोक' आठवला आणि मी हातातलं काम ठेवून खाली बसले. तुझी तिन्ही पत्रं नर्सबाईंना दाखवली. मजकूर नाही, मागची बाजू. त्यांनी डोळे मिटून कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यांची साखर कधी तपासली?" मग म्हणाल्या, "बोटं गेली तर पाय आधी गेले असतील. तळपाय आरशात बघायला सांग. आजच."

तर आजच. पत्र खाली ठेव आणि ताईला आरसा आणायला सांग. वाटलं ते नंतर लिही, दिसलं ते आधी लिही.

कागद मी तीन दिवस खणात लपवला होता. लावायची हिंमत होईना. तुझं नाव पुसायचं आणि तेही मी? चौथ्या दिवशी दूधवाला आला, स्वतःच्या गाडीवरच्या ठिपक्यावर टिचकी मारून म्हणाला, "हा आहे तोवर चिंता नाही, बाकीचं तू बिघडवलंस."  मी खण उघडला, कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर भिंतीवर चिकटवला.

त्याने वाचला. पुन्हा वाचला. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "चहा सांग," आणि स्टूलवर बसून राहिला. चहा गार झाला तरी उठला नाही. जाताना म्हणाला, "उद्या सकाळी थंड गाडी आणतो. मला असं लिहिता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर समोर अकरा गाड्या. थंडगार. पोस्टमन सगळ्यात पुढे, मान खाली घालून. कुणी तुझ्याबद्दल वावगं बोलेल म्हणून मी पाना घेऊन तयारच होते. तशी वेळ आली नाही. एकेक जण भिंतीपाशी जाऊन वाचून यायचा आणि गाडी माझ्याकडे सरकवायचा. अकराही ठिपके मी खरवडले. 

माझ्या कामावर मी ठिपका लावत नाही. ज्याला शंका येईल त्याने उघडून बघावं.

तळपाय बघितलेस का?

दहा-अकरा


१९ एप्रिल

दहा-अकरा,

महिनाभर पत्र नाही, कारण मी इस्पितळात होतो. ताईने तुला फोनवर बरा आहे एवढंच सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. खाई त्याला खवखवे, म्हणून आता सगळं लिहितो.

आरशात बघितलं. उजव्या टाचेत लोखंडाचा कीस रुतला होता. म्हणजे तुझ्याच गॅरेजातला, नोव्हेंबरपासून! भोवती सगळं काळं पडलं होतं आणि मला पत्ता नाही. मी त्या पायाने रोज नातवंडांना शाळेत सोडत होतो. साखर इतकी की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजली. म्हणाले, आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं. विचारलं, "तुम्हाला संशय कसा आला?" मी म्हटलं, भाचीने कागदाच्या मागून वाचलं. त्यांना वाटलं तापात बडबडतोय.

पाऊल आहे. आधी ते उशीवर होतं, आता जमिनीवर आहे. त्याच्याकडे बघतो आणि तुझी आठवण येते. मी तुझी गाडी बघितली त्याचं तुला एवढं नवल वाटलं. पोरी, इंजिन खोटं बोलत नाही, त्याला वाचणं सोपं. मी खोटं बोलत होतो आणि तू मला वाचलंस.

बोटं परत यायची नाहीत असं डॉक्टर म्हणतात. पेनाला मी जुन्या हँडलची मूठ चढवलीये. आता कागद फाटत नाही, बघ उलटं करून.

परवा दारात मोटारसायकल थांबली. नर्सबाई. इथे ट्रेनिंग होतं म्हणून वाट वाकडी करून आल्या. पायाची पट्टी सोडून बघितली, ताईला दोन गोष्टी सुनावल्या, मला चार. गुडघ्याबद्दल मी माफी मागितली तर म्हणाल्या, "तो कधीच भरला, आता तुमचा पाय भरू दे." मग मी म्हटलं, बाई, गाडी चालू करता का जरा?

चालू केली. एवढा पल्ला मारून आलेली, हेड तापून लाल. रेस सगळी सोडली. मी सवयीने टाकीवर बोटं ठेवली. काही नाही, भिंतीला हात लावल्यासारखं. तोंड फिरवणार होतो, पण बाईंनी माझी बाही वर केली आणि म्हणाल्या, "तान्ह्या बाळाचं पाणी कशाने बघतात? कोपराने. ठेवा कोपर."

ठेवलं. आणि लागलं, पोरी! एकेक ठोका हाडातून वर आला. किती हळू, किती सरळ. दोन ठोक्यांच्या मध्ये मी श्वास धरायचो, गेलं म्हणून, आणि पुढचा यायचा. तू लिहिलं होतंस तस्साच. मी शंभरपर्यंत मोजले, मग मोजायचं विसरलो. अंगणात उभा राहून रडलो. नातवंडं हसत होती, हसू देत.

चाळीस वर्षांत एवढं हळू चालणारं इंजिन माझ्या हातून कधी झालं नाही. बोटं चांगली होती तेव्हाही नाही. हे भिंतीवर लावायला लिहिलेलं नाही. पण लावलंस तर माझी हरकत नाही.

पाती या पाकिटात घातलीये. ती डबीत ठेव.

तुझा,
मामा